काळोख्याचं तिसरं बटण

बहिणीने मालिकेसाठी खलनायक लिहावा आणि त्यासाठी तिला सख्खा भाऊच सापडावा, याला काय म्हणायचं? बसडेपोतल्या मेकॅनिकला शब्द सुचला नाही. त्याने कपबशी टीपॉयवर आपटली.

मालिका सगळं शहर बघत होतं. एक उडणारी नायिका आणि गावभर दिवे विझवत फिरणारा काळोख्या. आज काळोख्याचं बालपण दाखवत होते. रेडिओ फुटलेला, बापाने पोराला कपाटात कोंडलेलं, आत बापाचा कोट. पोरगा अंधारात कोटाची बटणं चाचपत होता आणि तिसरं बटण तुटकं होतं. मेकॅनिकच्या अंगाची लाही लाही झाली. त्या बटणाबद्दल त्याने जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ती याच सोफ्यावर बसली होती.

“माझं बटण विकलंस तू.”

“दादा, खलनायकाला लहानपणी कुठेतरी दुखलेलं लागतं. आम्ही आधी तेच ठरवतो. मला दुसरं काही सुचेना.”

“दुखलं मला, आणि नायिका तू?”

कारण पडद्यावर काळोख्याची धाकटी बहीण स्टुलावर चढून कपाटाची कडी काढायला धडपडत होती. हीच मोठी होऊन उडणार होती. खरं तर रेडिओ या सोफ्यावरच्या बहिणीने फोडला होता, बापासमोर बोट भावाकडे दाखवलं होतं आणि मग खुशाल झोपून गेली होती. म्हणे नायिका!

“रेडिओ कुणी फोडला ते पुढच्या भागात दाखव,” त्याने दरडावलं. “नाहीतर या घराची पायरी चढू नकोस.”

“मी केवढीशी होते, दादा.”

“आणि मी काय मिशीवाला होतो?”

आई दोघांच्या मध्ये बसली होती. लेकीची मालिका म्हणून ती एकही भाग चुकवत नसे. एवढे आवाज चढले तरी तिची नजर पडद्यावरच होती.

“कडी उंच होती,” ती म्हणाली. “स्टुलावर चढूनही हिचा हात पोचला नसता.”

मग तिने पडद्याकडे बोट केलं.

“या पोरांची आई कुठाय गं?”

बहीण चुळबुळली. “ती आधीच वारलीये.”

“का मारलंस तिला?”

बहिणीने सोफ्यावरची उशी मांडीवर ओढली.

“मी सांगते. ती असती तर तिचा हात पोचला असता.” आईने पदराने चष्मा पुसला. “मी स्वयंपाकघरात होते. तू दार बडवत होतास, सगळं ऐकू येत होतं.”

बाप मेला तेव्हापासून मेकॅनिकने बापाच्या वाटणीचा रागही बहिणीवरच काढला होता. आईच्या वाट्याला त्याने कधी काहीच ठेवलं नव्हतं. आता तिच्यावरचा राग एकदम उसळून आला. त्याने टीव्ही बंद केला.

“लाव,” आई म्हणाली. “काळोख्या कुणाकुणाचा सूड घेतो, ते बघू दे मला.”

त्याने टीव्ही लावला आणि आईपासून लांब, दाराशी जाऊन उभा राहिला.