अंतरा

बँड वाजवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, ऐकायला जमणाऱ्यांबद्दल काडीचा नाही. आठ वर्षं मी मुठीत मावणारा कॅमेरा घेऊन सातारा-सांगलीच्या जत्रांतल्या बँड स्पर्धा टिपतोय. कलाकार घाम गाळत फुंकत असतो आणि हे दीडशहाणे मांडवात एकमेकांना फेटे बांधत बसतात. वाजवणं ऐन रंगात आलं की माइकवर नावं सुरू. घरातलं कुत्रं ज्याला ओळखत नाही, तोसुद्धा तिथं 'सुप्रसिद्ध' असतो.

यंदा माणमधल्या एका जत्रेत फलटणचे धोंडिरामकाका क्लॅरिनेट वाजवणार होते. त्यांच्या तोडीचा वाजवणारा या भागात दुसरा नाही. सुरू करण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"विश्वजीत, सोमवारी म्होरचं दात काढायचं हायती. मग वाजवणं संपलं. माझं काय बी कुणाकडं घेतलेलं न्हाई रं. एवढं एक सबंध घे, नातीला दावायला."

"काका, तुम्ही बिनघोर वाजवा. मी काय त्या मांडवातला आहे का?"

त्यांनी पहिला सूर लावला आणि नाचणारी पोरं थबकली. मी गुडघ्यावर बसून त्यांची बोटं टिपत होतो, फुगलेले गाल टिपत होतो. मुखडा झाला, त्यांनी अंतऱ्याला हात घातला आणि माइकवरून जत्रा कमिटीचे नानासो गरजले, "सांगलीचे सुप्रसिद्ध कॅमेरामन विश्वजीतराव यांनी सत्कारासाठी मांडवात यावं!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा त्यांनी 'सुप्रसिद्ध' चांगलं लांबवलं. एक मिनिटाचं तर काम, म्हणत मी उठलो. कॅमेरा चालूच ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी फलटणला गेलो. आधी तपासून बघायची गरज वाटली नव्हती, एवढा स्वतःवर भरवसा. काकांचं तोंड सुजलेलं, बोलता येत नव्हतं. शेजारी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, मांडीवर नात आम्रपाली. मी कॅमेरा टीव्हीला जोडला.

दोन मिनिटं काका दिसले. मग जमीन, माझ्या चपला आणि नंतर माझंच थोबाड. फेटा बघायला मी कॅमेरा स्वतःवर रोखून त्याचा छोटा पडदा आरशासारखा वळवून घेतला होता. कुणीतरी मला फेटा बांधत होतं, मी गालातल्या गालात हसत होतो. मला माझी किळस आली.

"आज्जा, तुमी कुठं गेलासा?" आम्रपालीनं विचारलं.

टाळ्यांच्या गलक्यामागं क्लॅरिनेट बारीक ऐकू येत होतं. काका पुढं झुकले, कान टवकारले, आणि आवाज वाढव म्हणून त्यांनी मला खूण केली.

मी वाढवला. घरभर माझाच आवाज घुमला, "तुरा जरा वर घ्या की. नीट दिसू दे."