कड्याची जाडी

मुलगी गाडी घेऊन निघाली तेव्हा तात्या अंगणातल्या नळावर हात धूत होते. फाटकाबाहेर गाडीचं नाक नेहमीपेक्षा चांगलंच उंच दिसलं आणि त्यांना बरं वाटलं. मग ती कोपऱ्यावर वळली. वळताना बारीक टक-टक-टक ऐकू आलं. वळण सरलं तसा आवाजही थांबला.

तात्यांनी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तसेच उभे राहिले.

त्यांचा जन्म गेला लेथवर लोखंड कातण्यात. मुलगी झाली जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांत जायचं म्हणजे ओढा ओलांडायचा, आणि ओढ्यातल्या दगडांवर गाडीचं पोट घासायचं. गाडी दोन इंच वर हवी होती. "दोन कड्यांसाठी परक्याच्या दारात कशाला जायचं?" म्हणून तात्यांनी दोन इंच जाडीची लोखंडी कडी स्वतः कातली आणि आज सकाळी पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर बसवली. एखाद्या खड्ड्यातून गाडी फिरवून बघायची राहिली होती, तेवढ्यात फोन आला. वरच्या वस्तीत गाय अडली होती.

"तात्या, सकाळी गाडी उभी होती की कुणावर भुंकायला बसली होती, तेच कळेना," पायरीवर चहा पीत बसलेले जावई म्हणाले.

"नवीन काम आहे. बसेल हळूहळू."

"बसायलाच हवी. मी आपली गंमत म्हणून टेप लावली. चार इंच वर आलीय."

"चार?"

"तुम्ही हौसेनं जास्त दिली असेल असं वाटलं. सासऱ्याच्या कामात नाक कोण खुपसणार?"

तात्यांनी उजवा हात खांद्यातून आडवा धरला, डाव्या हाताचा पंजा कोपरावर ठेवला आणि कोपर थोडंसं खाली दाबलं. बोटं त्याच्या दुप्पट खाली गेली. पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा तेच.

ते ज्या गाड्यांवर काम शिकले, त्यांना पुढे एकच आडवा दांडा असायचा. दोन्ही चाकं त्या दांड्याच्या टोकांना. तिथे वर जेवढी जाडी घालावी तेवढीच गाडी उचलायची. हिच्या गाडीत प्रत्येक चाकाला आपापला हात होता. स्प्रिंग दाबायची कोपरावर आणि चाक होतं बोटांच्या टोकाला. दोन इंचांचे चार झाले ते असे. चाकापर्यंत जाणारा फिरता दांडा त्यामुळे फार तिरका झाला असणार, म्हणून तो आवाज. पण आवाजाचं एवढं नव्हतं. ब्रेकची रबरी नळी पहिल्याच लांबीची होती. सपाट रस्त्यावर ती पुरेल. चाक खड्ड्यात लोंबकळलं की ताणली जाईल. आणि ओढ्याकडचा उतार म्हणजे नुसते खड्डे.

त्यांनी मुलीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"जावईबापू, फटफटी काढा."

जावयांनी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवला.

बरेच दिवस बंद असलेली फटफटी सुरू होण्यातच तास गेला. हत्यारांची पिशवी आणि जॅक पोटाशी धरून तात्या मागे बसले. डांबरी संपली, कच्चा रस्ता लागला. "हळू घेऊ का?" जावयांनी विचारलं.

"माझ्या हाडांची काळजी करू नका."

"तुमच्या नाही, माझ्या. जॅक पाठीत घुसतोय."

तात्यांना हसू आलं नाही. त्यांची नजर धुळीवर होती. एके ठिकाणी काळपट ओला डाग दिसला तसं त्यांनी फटफटी थांबवायला लावली, उतरून बोट लावलं, नाकाशी नेलं. ब्रेकचं तेल नव्हतं, पाणीच होतं. पुढे आणखी एक दिसला. तेही पाणी. तिसऱ्याला जावई आपणहून थांबले.

उताराच्या माथ्यावरून गाडी दिसली. खाली पाण्याच्या अलीकडे, एका बाजूला कललेली. दार उघडं. आत कुणीच नाही.

तात्या दगडांवरून घसरत, एकदा हातावर पडत, खाली पोहोचले. सीट रिकामी होती, औषधांची पिशवी नव्हती. चाकाला पुढून भलामोठा दगड लावलेला होता. ते वाकले. दांड्यावरचं रबरी आवरण फाटून चाकाच्या आत सगळीकडे ग्रीस उडालं होतं. ब्रेकची नळी कोरडी होती, पण तिला धरणारी पट्टी ओढून वाकडी झाली होती आणि तिथे रबर पांढरं पडलं होतं. आत हात घालून त्यांनी ब्रेक दाबला. टिकला. मग ते तिथेच खाली बसले.

"दोघंही आलात?" पलीकडून आवाज आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पिशवी खांद्यावर घेऊन ती पाण्यातून येत होती. "वासरू जगलं. थोडक्यात वाचलं."

"चालत गेलीस?"

"उतारावर आवाज फार वाढला. म्हटलं, राहू दे इथेच." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय तात्या?"

रबर जुनं होतं, रस्ता वाईट आहे, असं म्हणता आलं असतं. जावईही काही बोलले नसते.

"माझं चुकलं. कडं निम्म्या जाडीचं हवं होतं. याच उतारावर ब्रेक गेला असता तुझा."

ती वाकून हात धूत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूत राहिली.

"मग आता?"

"आता कडी काढतो. होती तशी होईल. फाटक्या आवरणात ग्रीस भरून सावकाश घरी नेऊ."

जावयांनी जॅक लावला. एकेक बाजू उचलत दोघांनी चाकं उतरवली, नट सोडले, कडी काढली, सगळं पुन्हा आवळलं. काम आटोपलं तसं मुलीने किल्ली काढली आणि दाराकडे वळली.

"बसू नकोस," तात्या म्हणाले. "आधी खाली वाक. जॅक काढण्याआधी, चाक लोंबतंय तोवर नळी बघ."

"तुम्ही बघितलीत ना?"

"सकाळीही मीच बघितली होती. तू ओढून बघ."

ती धुळीत पाठीवर आडवी झाली. नळी बोटाने हलवली, पट्टीपाशी चाचपली, नवऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून पुन्हा हलवली.

"ढिली आहे. ताण नाही."

"बरं."

जॅक दुसऱ्या बाजूला नेऊन लावला. ती उठून तिकडे गेली आणि परत खाली वाकली. तात्या जॅकचा दांडा हातात धरून, ती काय म्हणते याची वाट बघत उभे राहिले.