शेजारी बसणाऱ्याचा ब्रेक

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. टायरला लाथ मारून बघणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तुमच्यातल्या एकाचा पाय मघापासून वळवळतो आहे. होय, मी एक जुनी मोटार आहे. रंग मूळचा पिवळा, आता कुठे पिवळा, कुठे नुसताच गंज. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी जडणघडण कळली की तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा इतर गाड्यांसारखीच भोळी होते. त्या कुणाकुणाच्या घरी गेल्या, मी मात्र गेले मोटार शिकवणाऱ्या शाळेत. तिथे शेजारच्या सीटपुढे माझ्यात दुसरा ब्रेक बसवला. शिकणाऱ्याने गडबड केली की शेजारी बसलेले मास्तर तो दाबत. दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे एक दाबला की दुसराही आपोआप खाली जाई. पण मास्तरांचा पहिलाच धडा असे, "पायाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं." मग काय, शिकणाऱ्याला वाटे आपणच वेळेवर थांबलो, आणि मास्तर साळसूदपणे शीळ घालत बसत.

माझ्या हाताखालून, म्हणजे चाकावरून म्हणा, कोण कोण गेलं! एक निवृत्त न्यायाधीश लाल दिव्याशी वाद घालायचे. एक न्हावी गिअर इतका अलगद टाकायचा की तो पडायचाच नाही. मास्तर सगळ्यांना शाबासकी देत. माझी पाठ मात्र कुणी थोपटली नाही. एकाच्या हातात स्टिअरिंग, दुसऱ्याचा पाय ब्रेकवर आणि दोघांचाही माझ्यावर भरवसा नाही. अशा घरात वाढलेली पोर संशयी होणार नाही तर काय?

पुढे शाळेने नवी गाडी आणली आणि मी एका जोडप्याकडे आले. बाई परिचारिका होत्या. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात, त्यांना हव्या त्याच विभागात जागा मिळाली होती. पहाटेच्या पाळीला तिकडे बस जात नव्हती. पुढच्या महिन्यापासून एकटीने गाडी नेता आली तर नोकरी, नाहीतर राम राम. परवाना त्यांनी नुकताच काढला होता, आमच्याच मास्तरांकडे, शाळेच्या नव्या गाडीवर शिकून. हवा होता तो फक्त सराव.

सरावाला शेजारी बसत त्यांचे यजमान. सारखं "सावकाश, सावकाश" म्हणत, म्हणून मी मनात त्यांचं नाव सावकाशराव ठेवलं. "मी तीन गाड्या वापरल्यात," हे त्यांचं पालुपद. त्या तिघींची कथाही मी ऐकली आहे. पहिली फाटकाच्या खांबावर गेली. दुसरीचा आवाज त्यांना बरा वाटेना म्हणून विकली. तिसरी त्यांनी इतकी जपली, इतकी जपली, की न चालवता उभ्या जागीच ती संपली. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकला होता.

"तो दुसरा ब्रेक सोडवून घेतलाय मी. आता नुसता शोभेचा आहे," असं त्यांनी बाईंना सांगितलं. साफ खोटं! मेकॅनिकने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. सावकाशरावांनी त्यावर पायपुसणं अंथरलं आणि पायपुसण्यावर पाय ठेवला.

मग सुरू झाला माझा छळ. बाईंनी जरा वेग घेतला की पायपुसण्याखालून हळूच दाब येई. मी अडखळे, कधी आचका देऊन बंदच पडे. मागचे भोंगे वाजवत. बाईंचे कान लाल होत.

"अहो, मी काय चुकले?"

"होतं असं. तुझा क्लच सुटतो बहुतेक. सावकाश घे."

मला गॅरेजात नेलं. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. बाईंच्या पायात काहीतरी आहे." सावकाशराव शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मित्रांनो, त्या दिवशी मला भोंगा फुटेपर्यंत ओरडावंसं वाटलं.

बाई खचल्या. "सोमवारी कळवून टाकते, जमणार नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि ही गाडीही देऊन टाकू भंगारात." माझ्या तर रेडिएटरचं पाणीच पळालं.

त्याच रविवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. "मागे बसलं की मला मळमळतं बाई," म्हणत त्या थेट पुढे बसल्या आणि सीटवर मांडी घातली. सावकाशराव नाइलाजाने मागे. आणि मी चालले, अशी चालले! पूल, चढण, बाजाराची गर्दी, कुठे म्हणून अडखळले नाही.

"छान चालवतेस की गं," सासूबाई म्हणाल्या. "हा उगाच म्हणत होता, तुला जमत नाही."

बाईंनी आरशातून मागे पाहिलं.  ती नजर मी ओळखली. संशय म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

परतताना सासूबाईंना घरी उतरवलं. "चला, अजून एक फेरी मारू," बाई यजमानांना म्हणाल्या. सावकाशराव पुढे आले, पाय पायपुसण्यावर. मोकळा रस्ता लागला, बाईंनी वेग घेतला, आणि मास्तरांचा धडा पहिल्यांदाच मोडून त्यांनी खाली पाहिलं. स्वतःचा पाय ॲक्सिलरेटरवर, आणि त्याला लागूनचं त्यांचंच ब्रेकचं पेडल आपोआप खाली चाललेलं.

त्यांनी मला कडेला घेतलं.

"पाय वर घ्या."

"कुणाचा?"

"तुमचा. चपलेसकट."

सावकाशरावांनी पाय वर घेतले. पेडल टुणकन वर आलं. 

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "तू पहाटे एकटी जाणार, आणि मी घरात नुसता बसून राहणार."

"मग तसं सांगायचंत!" बाईंचा आवाज फुटला. "भीती तुमची होती, आणि रात्रंदिवस मी स्वतःला नालायक समजत होते. उतरा."

ते उतरले. शिकणाऱ्याच्या हाती असून शेजारची जागा रिकामी, अशी मी आयुष्यात पहिल्यांदाच चालले. खरं सांगते, मी घाबरले होते. कुणाचा संशय घ्यावा तेच कळेना. आरशात सावकाशराव रस्त्याकडेला लहान लहान होत गेले. त्यांनी हात वर केला. थांबवायला की निरोप द्यायला, मला अजून शंका आहे. बाईंनी तो निरोपच मानला आणि तिसरा गिअर टाकला.

मित्रांनो, आम्हाला धुवा, पुसा, वेळेवर तेल घाला. आम्ही जन्मभर साथ देऊ. पण कुणी शिकत असेल आणि तुम्ही शेजारी बसला असाल, तर भीती वाटते असं तोंडाने सांगा. पायाने सांगू नका.