लाल दिवा विझेना

मी डायनॅमो बोलतोय. सिद्धलिंगप्पांच्या, म्हणजे आमच्या अप्पांच्या, जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली, पंख्याच्या पट्ट्याबरोबर फिरणारा. मी फिरलो की वीज होते आणि ती बॅटरीत साठते. हॉर्न, दिवे, सगळी ऐट त्यावर. माझ्याकडे मात्र लोक काही बिघडल्यावरच बघतात.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याची तार गुंडाळणारे हात आठवतात, चेहरे नाहीत. चेहरा आठवतो तो अप्पांच्या वडिलांचा, मल्लिकार्जुनअण्णांचा. मागच्या सीटवर चादरींचे गठ्ठे टाकून ते अक्कलकोटला निघायचे आणि वाटेत हात दाखवील त्याला गठ्ठ्यांवर बसवून न्यायचे. कसले दिवस होते! अण्णा गेले आणि मोटार जुळे सोलापुरातल्या फ्लॅटखाली पांघरूण घेऊन बसली.

तरी खंडेनवमीला अप्पा बॉनेट उघडायचेच. माझ्या शेजारी कटआउटची डबी आहे. माझी वीज बॅटरीत सोडायची की नाही, हे ती ठरवते. अप्पा ती सोडवून पुसायचे, ती जिथं बसते त्या पत्र्यावर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढायचे आणि डबी पुन्हा तिथंच आवळायचे. रीत अण्णांची.

यंदा वैशाखात अप्पांच्या मुलाचं, गुरूचं, लग्न झालं. सून दानेश्वरी मैंदर्गीची. नागपंचमीला तिला याच मोटारीतून माहेरी सोडणार, असं अप्पा व्याह्यांना सांगून बसले. आणि नेमका डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझेना. चार्जिंग होत नसलं की चुगली करणारा हाच तो.

"डायनॅमो गेला, अप्पा. नवा अल्टरनेटर आणलाय, बसवून टाकू," गुरू म्हणाला. खोकं माझ्यासमोरच ठेवलं.

"त्याला हात लावायचा न्हाय."

"लई म्हातारा झालाय की तो."

"व्हय? मग मलाबी काढ."

दानेश्वरी मीटर धरून उभी होती. नव्या घरात ती कमी बोलायची, त्यामुळे तिला जास्त दिसायचं. "आधी तपासून तर बघू या," ती हळूच म्हणाली.

गुरूनं पट्टा दाबून बघितला, घट्ट होता. माझ्या दोन्ही तारा सोडून मला मीटर लावला आणि इंजिन चालू केलं. मी जीव खाऊन फिरलो. आकडा सरसर चढला.

"ह्यो तर ठणठणीत हाय!" अप्पांनी मला थोपटलं.

मग डबी सोडवली. तिच्याखाली वर्षानुवर्षांच्या विभूतीची जाड, पांढरी खपली. डबी पत्र्याला टेकतच नव्हती. अर्थिंग मिळणार कुठून, आणि त्याशिवाय ती माझी वीज बॅटरीत सोडणार कशी?

गुरूला हसू आलं. "अप्पा, तुमची पूजाच..."

अप्पांचा चेहरा उतरला. "अण्णांची रीत हाय ती. पुसायची न्हाय. त्यापरीस बसव तुझं ते खोकं."

झालं! माझा वकीलच उलटला.

दानेश्वरीनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्यानं हसू आवरलं. मग ती म्हणाली, "अप्पा, विभूती कपाळाला लावतात ना? ही तर डबीच्या पायाखाली आलीय. बरं दिसतं का ते?"

खांद्यावरचा टॉवेल भिजवून अप्पांनी स्वतःच खपली सोडवली. ते पाणी बेलाच्या कुंडीत पिळलं. पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख घासला, डबी आवळली आणि तिच्या माथ्यावर तीन बोटं ओढली.

इंजिन सुरू झालं. लाल दिवा जरासा रेंगाळला आणि विझला.

पंचमीला आम्ही निघालो. कुंभारी मागं पडली तशी दानेश्वरी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली. अप्पा ओरडले नाहीत.

गुरूनं खोकं परत केलेलं नाही, डिकीत ठेवलंय. मला राग नाही. माझे कार्बन ब्रश झिजत आलेत, तसले आता मिळत नाहीत. एक दिवस माझ्या जागी तो अल्टरनेटरच फिरेल आणि दिवे माझ्याहून झकास लावील. माझी विनंती एवढीच, त्या दिवशी पाना अप्पांच्या हाती द्या. माझे नट गंजलेत, दुसऱ्या कुणाला दाद देणार नाहीत. अप्पांनी हात लावला तर मी धरून ठेवणार नाही.