बोट माझ्यापर्यंत आलं होतं

मी बटण बोलतोय. शर्टावरचं नव्हे, ते बिचारं काजात अडकून सुखाने राहतं. मी काचेखालचा. वृद्धाश्रमात खाटेशेजारी टॅब ठेवलेले असतात, त्यांत मी असतो. मला दाबलं की नर्स येते.

माझा जन्म इंग्रजीत झाला. अंगावर एकच शब्द, 'कॉल'. इंजिनियरने त्या शब्दाच्या मापाची चौकट आखली आणि कॉफी प्यायला निघून गेला. जगात दुसरीही भाषा असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग मला फ्रेंच करायचं ठरलं. काम एका अनुवादक बाईंकडे गेलं. त्यांना मी दिसतच नव्हतो. त्यांच्याकडे नुसते शब्द जायचे, एकाखाली एक, आगापिछा नसलेले. तशीच पद्धत आहे म्हणे. त्यांनी फोन करून विचारलं, "हा कॉल कुणाला? फोन लावायचा की माणूस बोलवायचा? एकदा स्क्रीन तरी दाखवा."

"अहो बाई, एका शब्दाचं काय एवढं घेऊन बसलात?" इंजिनियर म्हणाला.

पण त्या घेऊन बसल्याच. त्यांची स्वतःची आई अशाच एका आश्रमात होती आणि तिला फ्रेंचशिवाय काही वाचता येत नव्हतं. खोदून खोदून विचारल्यावर त्यांना माझं काम कळलं आणि त्यांनी फ्रेंचमध्ये माझ्यावर लिहिलं, 'नर्सला बोलवा'. ते चांगलंच लांब झालं. मी फुगलो, चौकटीबाहेर सांडलो. दिसायला गबाळा, पण मी कशासाठी आहे ते त्या आईला वाचता येत होतं.

टॅब आईच्या उशाशी आला तेव्हा लेकीने समजावलं, "आई, जे वाचता येतं ते मी लिहिलंय, बिनधास्त दाब. वाचता येत नाही त्याला हात लावू नकोस. जाहिराती असतात, भलतंच काहीतरी उघडतं."

"तुझं आहे म्हणतेस ना, मग झालं," आई म्हणाली.

पुढे कंपनीच्या साहेबांनी स्क्रीन पाहिली. "हे काय ध्यान?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. इंजिनियरने मला रुंद करायला हवं होतं. पण त्यासाठी शेजारची बटणं सरकवावी लागणार, कोण करत बसणार? त्याने फ्रेंच पुसून पुन्हा 'कॉल' चिकटवलं. "हे सगळ्यांनाच कळतं." बाईंना कुणी सांगितलंही नाही. सगळे टॅब आपोआप बदलले.

एका दुपारी आई खाटेवरून उतरताना पडली. टॅब तिच्या हाताला लागला. चष्मा सावरून ती एकेक बटण वाचत गेली. बोट माझ्यापर्यंत आलं, थांबलं आणि मागे गेलं. मला ओरडावंसं वाटलं. पण तुम्ही अंगावर डकवाल तेवढीच आमची वाचा. संध्याकाळी जेवणाचं ताट आलं, तेव्हा कुठे ती कुणाला दिसली.

लेक धावत आली. "अगं, बटण का नाही दाबलंस?"

"तुझा शब्द शोधत होते गं. दिसलाच नाही. दुसऱ्याला हात लावायचा नाही, तूच म्हणाली होतीस."

लेकीने टॅब उचलला, मला पाहिलं आणि तिथूनच इंजिनियरला फोन लावला.

आता मी रुंद आहे. शेजारची बटणं सरकली. कॉफी निवायच्या आत झालं ते काम. बाईंचा शब्द परत माझ्यावर आलाय. चौकटी आखणाऱ्यांनो, आखण्याआधी कोण वाचणार आहे तेवढं विचारत जा, बस्स.

आईचं खुब्याचं हाड काही जुळलं नाही, ती अंथरुणालाच खिळली आहे. लेक भेटायला आली की ती बोट माझ्यावर धरते, पण टेकवत नाही. विचारते, "हा तुझाच ना गं? नक्की?"