पूल गप्प झाला तेव्हा

खाडीवरच्या जुन्या पुलावरून तुर्भ्याचे ट्रक जायचे बंद झाले, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी क्षिप्राचं अभिनंदन केलं. पुलाखाली बसवलेल्या सेन्सरनी एका तुळईतला तडा रुंदावतोय असं कळवलं होतं आणि तिनं तो अहवाल रेटून वरपर्यंत नेला होता. आता पुलावरून फक्त रिक्षा आणि दुचाक्या जात होत्या.

पण थोड्याच दिवसांत सेन्सर एकेक करून बंद पडू लागले. त्यांना ना वायर होती, ना बॅटरी. ट्रक गेले की पूल थरथरायचा आणि त्या थरथरीतूनच त्यांच्यापुरती वीज तयार व्हायची. योजना क्षिप्राचीच. आता ट्रक नाहीत, म्हणून वीजही नाही.

"अगं, लोडच नाही तर पुलाला काय होणारे?" तिचे साहेब आशुतोष म्हणाले. "टेन्शन नको घेऊस. बॅटऱ्यांचं पुढच्या महिन्यात बघू."

"सर, आतल्या सळ्या खाऱ्या पाण्यानं गंजतायतच. फक्त आता आपल्याला दिसत नाहीये."

साहेबांनी फोन उचलला.

क्षिप्रानं स्वतःच बॅटऱ्या घेतल्या आणि शनिवारी सारसोळ्याच्या कोळीवाड्यात देवजीकाकांकडे गेली. सेन्सर बसवताना त्यांचीच होडी घेतली होती. भरतीला होडी वर आली की शिडी टेकवून सेन्सरच्या डब्यांपर्यंत हात पोचायचा. तडा होता ती तुळई तिनं आधी घेतली, मग शेजारच्या. पलीकडच्या टोकाचा एक डबा राहिला, तोवर पाणी उतरायला लागलं.

"र्‍हाऊं द्या म्याडम, सोमवारी येऊ," देवजीकाका म्हणाले.

"काका, तोपर्यंत पुलाखाली जाळं नका टाकू."

ते हसले. "आवो, ट्रक व्हते तवा मासली पलायची. आता पूल गप हाय, तं कोलंबी येते. आनि मी हितं नाय येवाचं?"

"दुसरीकडे जा ना थोडे दिवस."

"दुसरीकडं पानीच कुठं र्‍हायलंय आमाला," ते म्हणाले आणि होडी वळवली.

रविवारी सकाळी क्षिप्राच्या फोनवर इशारा आला. तडकलेल्या तुळईवरच्या सेन्सरनं एक हिसका टिपला होता. आकड्यांवरून तुळई मात्र शाबूत दिसत होती. मग हिसका आला कुठून? तिनं देवजीकाकांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तर फोन बंद.

पलीकडच्या टोकाला, तिनं सोडलेल्या डब्याजवळ, काँक्रीटचा मोठा तुकडा निखळून खाली पडला होता. खाली देवजीकाकांची होडी होती. दुपारी त्यांचा देह सापडला.

पूल पूर्ण बंद झाला. बॅटऱ्यांची मंजुरी त्याच दिवशी आली.

क्षिप्रा सारसोळ्याला गेली तेव्हा देवजीकाकांची बायको, पुतळा, दारातच बसली होती.

"तुमीच ना त्या यंत्रवाल्या?"

"हो, काकू."

"बोलले व्हते, म्याडम नको बोलल्या. मी पन बोलली. आयकलं नाय."

क्षिप्रा खाली बसली.

"काकू, तिथला डबा बंद होता. ट्रक थांबले म्हणून बंद पडला. मला त्याला बॅटरी लावता आली नाही. चालू असता तर कदाचित आधी कळलं असतं."

पुतळानं आवाज चढवला नाही.

"तुमाला कललं असतं. त्यांना कोनी सांगितलं असतं?"

इशारे जायचे ते ऑफिसात, साहेबांना, पुलाच्या खात्यातल्या चार अधिकाऱ्यांना. ती यादी क्षिप्रानंच केली होती. पुलाखाली माणसं असतात हे तिला माहीत होतं. त्यांच्याच होडीतून तर ती गेली होती.

तिनं फोन काढला. "तिथं अजून कोण कोण जाळं टाकतं काकू? मला त्यांचे नंबर द्या."

पुतळानं दोन-तीन नावं सांगितली आणि मध्येच थांबली.

"आता कोन जातंय तिथं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.