डावी बाजू

त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कानसेन. जुनी हायफाय यंत्रं दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण प्रीअँपसाठी, म्हणजे तबकडीचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या पेटीसाठी, व्हॉल्व्ह ऐकून निवडून देणारा शहरात हा एकच माणूस. अंगठ्याएवढी काचेची नळी, आत तांबूस पेटलेली तार. त्यातली कुठली गाण्याला गोडवा आणते आणि कुठली घसा खरवडते, हे कानसेन डोळे मिटून सांगत. "मीटर हो म्हणाला आणि कान नाही म्हणाला, तर कानाचं ऐका," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकल्याशिवाय त्यांच्याकडचा चहा कुणाला मिळत नसे.

त्या दिवशी टेबलावर दातांच्या डॉक्टरांचा प्रीअँप होता. त्यातले दोन्ही व्हॉल्व्ह, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या, म्हातारे होऊन खरखरायला लागले होते. डॉक्टर संध्याकाळी न्यायला येणार होते. काम सोपं होतं. कानसेननी डब्यातून एक नवी जोडी काढली, मीटरवर लावली. काटा दोन्हींना सारखाच वर गेला. व्हॉल्व्ह फडक्यात धरून बसवले, यंत्र तापू दिलं आणि नेहमीची तबकडी लावली. ती जुनी, मोनो. दोन्ही स्पीकरांतून अगदी एकच आवाज येतो, म्हणून गाणारी बाई दोहोंच्या बरोब्बर मधोमध उभी असल्यासारखी वाटते.

बाई मधोमध नव्हती. ती उजवीकडे सरकली होती.

"डावा मरतुकडा निघाला," कानसेन म्हणाले आणि त्यांनी डावा व्हॉल्व्ह बदलला. बाई तिथेच. आणखी एक बदलला. जपून ठेवलेल्या खास डब्यातला काढला, जो ते गिऱ्हाइकाला दाखवतही नसत. बाई तिथेच. मग त्यांनी वायरी उपसल्या, पिना घासल्या, डावा स्पीकर भिंतीपासून पुढे ओढला, पडदा बाजूला सारला. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाला ते केव्हाच म्हणाले असते. डबे रिकामे होत गेले, टेबलावर काचेच्या नळ्यांची गर्दी झाली, आणि मीटर प्रत्येकीला निमूटपणे चांगली म्हणत राहिला.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नव्हती. दारात कुणीही यंत्र घेऊन आला की ते आधी विचारायचे, "डावा-उजवा अदलाबदल करून पाहिलात?" डाव्यातला व्हॉल्व्ह उजव्यात घाला, उजव्यातला डाव्यात. खोट बाजू बदलून गेली तर व्हॉल्व्ह वाईट. नाही गेली तर व्हॉल्व्हचा दोष नाही, दुसरीकडे शोधा. शाळकरी पोराला जमेल अशी युक्ती. ज्यांनी ती केलेली नसे त्यांना कानसेन जिन्यावरूनच परत पाठवत. आणि आज दुपार उलटली तरी त्यांचा हात तिकडे वळत नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कारण त्यांना वडील आठवत होते. वडील उतारवयात म्हणायला लागले होते की हल्लीचे लोक पुटपुटतात. आधी एका बाजूचे लोक पुटपुटायचे, मग दोन्ही. घरात सगळे हसायचे; कानसेन सर्वांत जास्त. पुढे वडिलांच्या उशाशी पाटी आली. ज्याला काही सांगायचं असेल त्याने लिहायचं, आणि वडील वाचून मान हलवायचे. शेवटी शेवटी लिहायचाही सगळ्यांना कंटाळा आला. त्या पाटीची कड कशी झिजली होती, ते कानसेनना आत्ता डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं.

भीतीचं असं असतं, की ती नाव घेतलं नाही तोवर दाराबाहेर उभी राहते असं वाटतं. ती केव्हाच आत येऊन बसलेली असते. कानसेननी यंत्र बंद केलं. नळ्या निवल्यावर फडक्याने उपटल्या. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. यंत्र पुन्हा तापू लागलं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागितलं की व्हॉल्व्ह खराब निघू दे.

बाई उजवीकडेच गात होती.

अजून एक पळवाट होती. खोलीचा दोष असेल. कोपरा आवाज गिळत असेल. कानसेननी खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसले. खोलीचा किंवा यंत्राचा दोष असता, तर बाई त्याच स्पीकरजवळ राहायला हवी होती. बाई उठली आणि दुसऱ्या स्पीकरला जाऊन खेटली. खुर्ची फिरली तशी तीही फिरली. काखेत कळसा आणि दिवसभर गावाला वळसा.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. दार त्यांच्या डाव्या हाताला होतं. ती तिथूनच चहा पुढे करू शकली असती, पण ती खुर्चीला पूर्ण वळसा घालून उजवीकडे आली आणि मग म्हणाली, "अहो, असं भिंतीकडे तोंड करून काय बसलात?"

कानसेननी तिच्याकडे पाहिलं. मागे कधीतरी तिने जेवणाच्या टेबलावरची जागा बदलून घेतली होती. म्हणाली, पंख्याचा वारा सोसत नाही. रस्त्याने चालताना उजवीकडे यायला लागली. म्हणाली, तुम्ही मला गटाराच्या बाजूला ढकलता. ते तेव्हा हसले होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने 'काय?' असं विचारलं नाही. "फोन उजव्या कानाला धरायला लागलात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटली," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं की ते खरं होईल, असं वाटायचं मला. वेडेपणाच."

"दुसराही जाईल का गं?"

"मला नाही माहीत हो." तिने कपबशी त्यांच्या हातात दिली.

खाली जिन्यावर पावलं वाजली. "सांगू का, बरं नाही म्हणून? उद्या या म्हणते," बायको म्हणाली. कानसेनना हो म्हणायचं होतं. उद्या म्हटलं की उद्यापर्यंत ते कानसेन राहिले असते. पण तोंडातून शब्द फुटायच्या आत डॉक्टर दारात उभे होते, चेहऱ्यावर हसू, दिव्याखाली आ करायला लावणाऱ्या माणसाचं असतं तसं.

"वा! बाई काय मधोमध गातेय हो!" डॉक्टर दोन्ही स्पीकरांसमोर येत म्हणाले. मग टेबलावरचा पसारा बघून थबकले. "एवढे व्हॉल्व्ह? त्रास दिलेला दिसतोय माझ्या यंत्राने. आणि काय हो, तुमचाच प्रश्न तुम्हाला विचारतो. डावा-उजवा अदलाबदल करून पाहिलात ना?"

"पाहिलं," कानसेन म्हणाले.

"मग? दोष कुठे निघाला?"

कानसेननी डावा हात उचलला आणि कानावर ठेवला.

काहीतरी गंमत असेल म्हणून डॉक्टर हसले. मग त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली, स्टूल उचललं, आणि खुर्चीला वळसा घालून ते कानसेनच्या उजव्या बाजूला येऊन बसले.